एंजिन, गिअर आणि चाक यांचा मेळ

रायपूर शहरात तात्यापारा चौकातून शारदा चौकाकडे जाणारा रस्ता गर्दीचा आहे. तेथे मोटारीला वारंवार थांबावे लागते आणि पुन्हा निघून पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकावे लागते. हीच मोटार शहराबाहेर पडून धमतरी, कांकेरमार्गे जगदलपूरकडे निघाली, की सपाटीवर वेगाने धावते. आणि पुढे केशकाल घाटातील बारा वळणे लागली, की आपले सारे ओझे घेऊन तिला वर चढावे लागते. तिन्ही ठिकाणी एंजिन एकच असते. मग त्याच्याकडून इतकी भिन्न कामे कशी करून घेता येतात? याचे उत्तर एकट्या एंजिनात नाही. ते एंजिन, गिअर आणि चाक यांच्या परस्पर मेळात आहे.

एंजिनाचा स्वभाव

बैल उभ्या जागीही गाडीला जोर लावू शकतो. पेट्रोलच्या एंजिनाचे तसे नाही. ते फिरत असेल तरच जोर देते. दांडा फिरविणाऱ्या या जोरास आपण येथे ‘पीळ’ म्हणू. फेरे फार कमी असता पीळ थोडा असतो. फेरे वाढतात तसा तो वाढतो आणि एका मर्यादेनंतर पुन्हा घटतो. कारण अतिवेगाने फिरताना झडपा उघड्या राहण्याचा काळ इतका अल्प असतो, की सिलिंडर पुरता भरत नाही. पीळ आणि फेरे यांच्या गुणाकारावर एंजिनाची शक्ती अवलंबून असते. म्हणून प्रत्येक एंजिनास फेऱ्यांचा एक सोयीचा पट्टा असतो. गाडीचा वेग कितीही बदलला, तरी एंजिन शक्यतो त्या पट्ट्यात ठेवणे हेच गिअरचे कार्य होय.

घाटातील हिशेब

समजा, माणसांसह १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार १५ मीटर अंतरास १ मीटर उंच होणारा चढ चढत आहे. केवळ चढामुळे तिला १०० किलोग्रॅम वजनाइतका ओढा मागे खेचतो. चाकांच्या रोधाचे २० मिळवले, तर १२० होतात. चाकाची त्रिज्या एक तृतीयांश मीटर धरली, तर धुऱ्याशी ४० किलोग्रॅम-मीटर पीळ हवा.

एंजिनाचा पीळ १० किलोग्रॅम-मीटर आहे आणि मागील धुऱ्यावरील दंतचक्रांचे प्रमाण ४ आहे असे माना. वरच्या, म्हणजे सरळ गिअरमध्ये धुऱ्याशी ४० मिळतात. परंतु वाटेतील घर्षणात काही भाग खर्ची पडतो आणि गाडी मंदावू लागते. ती मंदावली की फेरे घटतात, फेरे घटले की पीळही घटतो, आणि एंजिन धडधडून बंद पडते. येथे २ प्रमाणाचा दुसरा गिअर घातला, तर पीळ ८० होतो व गाडी सहज चढते. मात्र तेवढ्याच फेऱ्यांत वेग निम्मा होतो. गिअर शक्ती निर्माण करीत नाही. तो वेग देऊन पीळ घेतो, एवढेच.

एकच एंजिन, दोन धुरे

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअॅक जीटीओ ही मोटार निघाली. पुढे ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दणकट मोटारींच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिचे एंजिन ६.४ लिटरचे व ३२५ अश्वशक्तीचे होते. मागील धुऱ्याचे प्रमाण मात्र ग्राहकास निवडता येई, त्यांत ३.२३ आणि ३.९० ही दोन होती. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर सरळ गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटर वेगाला पहिल्या धुऱ्यावर एंजिनाचे मिनिटास सुमारे २,५६० फेरे होतात, तर दुसऱ्यावर सुमारे ३,१००. दुसरा धुरा एकपंचमांश अधिक ओढ देतो, म्हणून गाडी जागेवरून झेप घेते. परंतु लांबच्या प्रवासात गोंगाट, झीज आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

मेळ बिघडला तर

हौशी माणसे पुष्कळदा एकच भाग बदलतात आणि येथेच फसतात. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा कॅमदंड बसविला, की उच्च फेऱ्यांत शक्ती वाढते. पण कमी फेऱ्यांत आत आलेल्या मिश्रणाचा काही अंश परत फिरतो आणि पीळ घटतो. धुरा जुनाच राहिला, तर नित्याच्या रस्त्यावर असे एंजिन आपल्या पट्ट्याच्या खालीच घुटमळते. चौकातून निघताना क्लच घसरवीत राहावा लागतो व तो जळतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हेच काम तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर करतो. तो गरजेपेक्षा सैल निवडला, तर घसरणीची उष्णता तेल तापविते.

दोन गिअरांमधील अंतरही पाहावे लागते. २ प्रमाणावरून सरळ गिअरवर येताना ४,००० फेऱ्यांचे २,००० होतात. एंजिनाचा पट्टा ३,००० पासून सुरू होत असेल, तर प्रत्येक बदलानंतर ते गुदमरेल. चाकांचेही तसेच आहे. परीघ १० टक्क्यांनी वाढविला, तर ४ चा धुरा ३.६ सारखा वागतो, आणि खरा वेग वेगमापकावरील आकड्यापेक्षा अधिक असतो.

उतरणीवर

हा मेळ चढताना सोयीचा, तर उतरताना प्राणरक्षक ठरतो. गिअर काढून केवळ ब्रेकवर घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये मात्र चाके एंजिनास फिरवितात आणि एंजिनाचा विरोध गाडीला आवरून धरतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा.

तात्पर्य, मोटारीचे सामर्थ्य एंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरत नाही. गाडीचे वजन किती, रस्ता कसा आणि वेग किती हवा, हे आधी ठरवावे. त्यानुसार चाक, धुरा व गिअर निवडावेत आणि त्यांस साजेसे एंजिन जोडावे. रस्त्यापर्यंत जेवढी शक्ती पोहोचते, तेवढीच उपयोगाची होय.