समोर चिप्सचा ढीग असेल तर?

गड्ड्यावर रिंग टाकताना आपलाच खिसा आधी का रिकामा होतो? गल्ला मोठा म्हणून, हे अर्धंच उत्तर.

पोकर टुर्नामेंट घ्या. दोघेच उरलेत, तुमच्याकडे 10 चिप्स, समोर 90. दर डावाला एकच चिप लावलीत, तर सगळं जिंकण्याची शक्यता किती? डाव बरोबरीचा असेल तर 10 टक्के. तुमची बाजू 51 टक्क्यांची असेल तर साधारण 34. आणि 49 असेल तर 1 टक्काही नाही!

पण त्याच 49 ला दर वेळी शक्य तेवढं सगळं लावलंत, तर शक्यता 9 टक्के होते. तोट्याच्या डावात याहून चांगली चाल नाही, हे डुबिन्स आणि सॅव्हेज यांनी 1965 मध्ये मांडलं. ब्लाइंड चिप्स खात असताना छोट्या ढिगाला वाट पाहणं महागात पडतं, ते म्हणूनच.

तेव्हा डाव कोणाच्या बाजूने आहे ते आधी मोजा, डावपेच नंतर.