लेकीचा कबड्डीचा हंगाम

मागच्या महिन्यात शिळफाट्याजवळच्या एका गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "माझी पोरगी कॉलेजच्या कबड्डीत निवडली गेलीय. खेळायला आमची ना नाही. पण हे किती दिवस चालणार, कुठं कुठं जाणार, बरोबर कोण असणार, काही कळत नाही. कॉलेजवाले पोरीला सांगतात आणि पोरगी घरी येऊन अर्धंच सांगते."

त्यांचं ऐकून आम्ही जरा गप्प झालो. कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका आईनं आम्हाला विचारलं होतं. तिची मुलगी कॉलेजच्या संघातून चांगली खेळली आणि तिला विद्यापीठाच्या निवड चाचणीला बोलावणं आलं. चाचणी मुंबईला. आईनं विचारलं, पाठवू का? आम्हालाही काही माहिती नव्हती. माहिती नाही असं म्हणायच्या ऐवजी आम्ही म्हणालो, "एवढ्या लांब एकटी कशाला? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती मुलगी मैदानावर नव्हती, तिचं लग्न ठरलं होतं. आमच्या एका वाक्यामुळंच तसं झालं असं नाही, पण ते वाक्य आमचंच होतं. म्हणून यंदा आधी चौकशी केली आणि मग बोलायला बसलो.

तर कॉलेजच्या कबड्डीचा हंगाम असा असतो. जून-जुलैत प्रवेश होतात. त्याच सुमारास कॉलेजचे क्रीडा शिक्षक संघासाठी मुली निवडतात. आपल्या खालापूर-कर्जतला तेव्हा धो धो पाऊस, मैदानाचं चिखलाचं शेत झालेलं. त्यामुळे सुरुवातीचा सराव म्हणजे हॉलमध्ये धावणं, बैठका, दम वाढवणं. घरी वाटतं, ही कॉलेजात खेळते कुठं, नुसती उड्या मारते. पण हंगाम उभा राहतो तो याच दोन महिन्यांवर.

मग आंतरमहाविद्यालयीन सामने. आपला रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठात येतो. याच विद्यापीठात ठाणे, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्गही आहेत. एवढ्या कॉलेजांना एकाच मैदानावर कसं बोलावणार? म्हणून विभाग पाडलेले असतात. आधी आपल्या विभागातल्या कॉलेजांशी सामने, त्यातून वर आलेल्या संघांचे आपसात सामने. हे बहुतेक एका दिवसाचं काम असतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

हे सामने चालू असताना चांगल्या खेळाडू हेरल्या जातात आणि विद्यापीठाच्या संघासाठी चाचणी होते. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. कॉलेज हरलं तरी मुलगी निवडली जाऊ शकते. दोन वर्षांपूर्वी आम्हाला हेच ठाऊक नव्हतं. कॉलेज तर हरलं, मग हिला कशाला बोलावतात, अशी शंकाही आमच्यातल्याच एकीनं काढली होती.

विद्यापीठाचा संघ ठरला की सराव शिबिर होतं आणि मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश अशा राज्यांतल्या विद्यापीठांचे संघ त्यात असतात. तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. शिवाय आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' नावाचा क्रीडा महोत्सव असतो, त्यातही कबड्डी आहे. आणि 2020 पासून 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या आहेत. म्हणजे पावसात सुरू झालेली गोष्ट चांगली चालली तर थंडी संपेपर्यंत जाते. नाही चालली तर गणपतीच्या आसपास संपते. आईनं मनाची तयारी दोन्हीची ठेवावी.

आता खेळाबद्दल. आपण लहानपणी हुतुतू खेळलेल्या बायका. आपल्याला वाटतं, त्यात शिकायचं काय? बरंच काही बदललंय. चढाई 30 सेकंदांची असते. मुलींचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. संघात 12 जणी, पण मैदानात 7. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असतील, तर चढाई करणारीला आतली बोनस रेषा ओलांडूनही एक गुण मिळतो, कुणाला शिवायची गरज नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही आणला तर चढाई करणारी बाद. समोरच्या सगळ्या बाद झाल्या की लोण, त्याचे दोन गुण जास्तीचे. आणि आपल्या तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असताना चढाईवाली धरली, तर तिला अव्वल पकड म्हणतात, एक गुण जादा. म्हणून तिघीच उरल्या तरी सामना संपलेला नसतो. आम्हाला स्वतःला या अव्वल पकडीचं फार कौतुक वाटतं. कमी माणसांत निभावून नेण्याची सवय बायकांना असतेच की.

"पण कबड्डी खेळून पोरीचं होणार काय?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्यासाठी दोन बायकांची माहिती सांगतो.

सोनाली शिंगटे ही मुंबईच्या लोअर परळची. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवणारी. सोनालीनं कबड्डीचे रीतसर धडे घेतले ते महर्षी दयानंद कॉलेजात गेल्यावर. म्हणजे आपल्या मुली ज्या वयाला थांबवल्या जातात, त्या वयाला तिनं सुरुवात केली. शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांच्याकडे ती शिकली. बूट आणि खेळाचे कपडे घ्यायला घरी पैसे नव्हते, ते प्रशिक्षकांनी दिले. घरचं म्हणणं एकच होतं, अभ्यास बुडता कामा नये. तिनं तो शब्द पाळला. पुढं पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, आणि 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती भारताच्या संघात होती.

त्या स्पर्धेत भारताचं सोनं हुकलं. अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी 27-24 असं हरवलं. आणि गंमत बघा, इराणच्या त्या संघाला शिकवणारी बाई आपल्या नाशिकची, शैलजा जैन. आयुष्यभर इथं कबड्डी शिकवली, निवृत्त झाल्या आणि मग इराणला गेल्या. तिथली फारसी भाषा शिकल्या, मुलींकडून योग आणि प्राणायाम करून घेतला. आपला संघ हरला याचं वाईट वाटतंच, पण निवृत्तीनंतर परक्या देशात, परक्या भाषेत काम उभं करणाऱ्या बाईचं नाव आपल्या गटांत सांगितलं पाहिजे. पुढच्या आशियाई स्पर्धेत, 2023 मध्ये चीनच्या हांगझोऊला, भारतानं चायनीज तैपेईला 26-25 असं एका गुणानं हरवून सोनं परत आणलं.

सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. बहुतेक जणी विभागाच्या सामन्यातच थांबतील. पण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ असतात. कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, ते शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. अलिबागला जिल्हा क्रीडा कार्यालय आहे, तिथं विचारायचं. आणि मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचं. पत्र्यातून गळणारं पाणी सोनं-चांदी सोडतं, कागद सोडत नाही.

आता आपल्या हातातलं. पहिलं म्हणजे अन्न. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे दोघींत एक. अशी मुलगी चहा-बिस्किटावर सातची लोकल पकडून सरावाला जाते आणि दहा मिनिटांत तिला धाप लागते. आपण म्हणतो, हिला खेळ झेपत नाही. आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणीची भाकरी, चवळी, कुळथाचं पिठलं, सुकट, शेंगदाणे-गूळ हे आपल्या घरातलंच आहे. त्यावर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, त्यानं लोह अंगी लागत नाही. पाळीत खेळायचं की नाही ते मुलीला ठरवू द्या. पण खूप अंगावर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, गुडघा. वळताना, उडी मारून उतरताना मुलींच्या गुडघ्याचा स्नायुबंध मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. "कट्" आवाज आला, गुडघा सुजला, तर मालीश करत बसू नका, हाडाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मॅटवर खेळायचं तर मॅटचे बूट हवेत. साध्या चपट्या बुटानं पाय घसरतो. त्या ताईंच्या मुलीच्या बुटांसाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं. एकीनं विचारलं, बूट हे काय कर्जाचं कारण झालं का? मग वही उघडली. साखरपुड्याच्या साडीला कर्ज दिल्याची नोंद त्यात होती. पुढं कुणी बोललं नाही.

तिसरं, प्रवास आणि सुरक्षा. मुक्कामाला जायचं असेल तर कॉलेजात जाऊन सरळ विचारा. बरोबर कोण बाई आहेत, त्यांचा फोन नंबर काय, मुली राहणार कुठं, प्रवासखर्च कोण देणार. यात भांडण काही नाही, हा आईचा हक्क आहे. 2013 च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिच्यावर कोण आहे तेही विचारून घ्या. खोपोलीची लोकल चुकली की पुढची लवकर नसते, तेव्हा रात्री कर्जत स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, हे सकाळीच ठरवा. आमच्या गटानं तीन घरांची पाळी लावली आहे. ज्यांच्याकडे गाडी, त्यांनी जायचं.

आणि कागद. दहावीची गुणपत्रिका, आधार, प्रवेशाची पावती, ओळखपत्र, फोटो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट 17 ते 25 आहे. जन्मतारीख दोन कागदांवर दोन असेल, तर ती आजच दुरुस्तीला टाका. परीक्षा आणि सामना एकाच दिवशी येत असेल, तर सामना व्हायच्या आधी अर्ज द्यायचा, नंतर नाही.

पहिल्या सामन्याला आम्ही त्या ताईंना घेऊन गेलो. त्यांनी लेकीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्याच चढाईत मुलगी धरली गेली आणि बाहेर जाऊन बसली. ताई उठून उभ्या राहिल्या, पिशवी उचलली. "झालं? चला मग." आम्ही त्यांना खाली बसवलं, म्हटलं, थांबा, तिच्या संघानं समोरची एक बाद केली की एक जण परत आत येते. दोन मिनिटांनी मुलगी आत आली. ताईंनी पदराचं टोक तोंडात धरलं ते सामना संपेपर्यंत सोडलं नाही. सामना सहा गुणांनी गेला. परतीच्या टमटममध्ये त्या बराच वेळ गप्प होत्या. लौजी आल्यावर म्हणाल्या, "त्यातल्या चार पोरी सकाळपासून उपाशी होत्या. पुढच्या खेपेला भाकऱ्या जास्त आणते."