कार्तिकातले नांदेड आणि रागांमधले नामदेव

कार्तिक शुद्ध द्वितीया हा दिवस उर्वरित महाराष्ट्रात भाऊबिजेचा म्हणून ओळखला जातो. नांदेडमध्ये मात्र तो त्याखेरीज एका ग्रंथाच्या गुरुगादीचाही दिवस असतो, कारण शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी आपल्यामागे कोणीही देहधारी गुरू न नेमता ग्रंथालाच गुरुपद दिले ते गोदावरीच्या काठी याच गावी, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, त्यांचे निर्वाण झाले. पंजाबातील महिना पौर्णिमान्त व महाराष्ट्रातील अमान्त असला तरी शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच पडतो, त्यामुळे ही तिथी पाळताना अमृतसर आणि नांदेड यांच्यात पंचांगाचा घोळ होत नाही. येथील हुजूर साहिब या तख्ताचे, म्हणजे शिखांच्या धर्मपीठाचे, दिवाळीतील तख्तस्नान, ज्यात गोदावरीचे पाणी आणून तख्त आणि तेथील शस्त्रे धुतली जातात, द्वितीयेची गुरुगादी आणि पंचमीचे स्मरण असा हा उत्सव तीन शतकांहून अधिक काळ चालत आला आहे. त्याचे वर्णन मात्र मराठीत बहुधा शस्त्रे, घोडे, मिरवणूक आणि लंगर यांच्यापाशीच संपते. हा उत्सव कानांनी अनुभवण्याचाही आहे, याची दखल मराठी संगीतरसिकांनी फारशी घेतलेली नाही.

इतिहासाची बाजू थोडक्यात अशी: बादशहा बहादूरशाह दक्षिणेत निघाला असता गुरू गोविंदसिंग त्याच्या छावणीबरोबर नांदेडला आले, येथेच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य होऊन बंदासिंग बहादूर या नावाने पंजाबकडे गेला, हुजूर साहिबची सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली, शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, आणि २००८ मध्ये गुरुगादीची त्रिशताब्दी साजरी झाली तेव्हा शहराचे रूपही बरेच पालटले.

ज्या ग्रंथाला गुरुपद मिळाले, तो रागांच्या क्रमाने रचलेला आहे. गुरू ग्रंथसाहिबच्या १४३० पृष्ठांपैकी नित्यपाठाचा आरंभीचा आणि फुटकळ रचनांचा शेवटचा भाग वगळला, तर उरलेला सारा ग्रंथ श्रीरागापासून जैजैवंतीपर्यंत ३१ रागांत विभागलेला आहे. विषयवार नाही, कर्त्यांच्या काळानुसार नाही, तर रागवार. गुरूंच्या प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, मग रचनाकार दाखवणारा ‘महला’ आणि त्याचा अंक, आणि पुष्कळदा ‘घर’ हा शब्द व त्यापुढे एक ते सतरापर्यंतचा एखादा अंक असतो. पदाच्या आत ‘रहाउ’ अशी खूण असलेली ओळ ही ध्रुवपदाची ओळ, तीच स्थायी करून गायची. काही पदे ‘पडताल’ या प्रकारची असून त्यांत एकाच पदात ताल बदलत जातो. काही रागांना ‘दखणी’ असे विशेषण जोडलेले आढळते, उदाहरणार्थ गौडी, मारू, प्रभाती. दक्षिणेकडील वळणाचा राग असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि हा अर्थ बरोबर असेल तर दख्खनच्या गायकीची एक पुसट खूण पंजाबच्या धर्मग्रंथात चारशे वर्षे जपली गेली आहे, असे म्हणावे लागते.

‘घर’ या शब्दापुढील अंकाचा नेमका अर्थ काय, हा या विषयातील सर्वांत गोड पेच आहे. कोणी त्याला तालाचा निर्देश मानतात, कोणी स्वरस्थानाचा किंवा चालीचा. गायक आपापल्या गुरुपरंपरेने गातात आणि अभ्यासकांचे एकमत होत नाही. या ठिकाणी युरोपकडे नजर टाकणे उपयोगी ठरते. साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय संगीताला ‘बरोक’ म्हणतात. याच ग्रंथाची पहिली संहिता, म्हणजे आदिग्रंथ, गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केली आणि मॉन्तेवेर्दीचे ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाट्य १६०७ मध्ये मान्तुआ येथे झाले. नांदेडला ग्रंथ गुरुगादीवर बसला त्याच १७०८ साली तेवीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख वायमारच्या दरबारात ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला. हा केवळ सनावळीचा योगायोग, पण साम्य त्याहून खोल आहे. बरोक संगीतकार साथीसाठी मंद्र स्वरांची एकच ओळ लिहीत, तिला ६, ७, ४ असे अंक जोडीत, आणि वरची स्वरसंगती वादकाने त्या अंकांवरून जागच्या जागी बांधावी अशी अपेक्षा ठेवीत. म्हणजे कागदावर सांगाडा, अंकात सूचना आणि उरलेले सारे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या तालमीवर सोपवलेले. फरक इतकाच की तिकडील अंकांचा अर्थ पुस्तकांत नोंदला गेला, खुद्द बाखच्या कार्ल फिलिप इमॅन्युएल या मुलाने १७५३ आणि १७६२ मध्ये दोन भागांत लिहिलेल्या वादनग्रंथातही तो आहे; इकडे तो कंठात राहिला आणि कंठांबरोबर विरळ होत गेला.

ते कंठ बरेचसे रबाबींचे होते. गुरू नानकांसोबत रबाब वाजवणारा मर्दाना मुसलमान होता, आणि त्याच्या परंपरेतील मुसलमान रबाबी १९४७ पर्यंत अमृतसरच्या हरिमंदिरात कीर्तन करीत. फाळणीने ते सीमेपलीकडे गेले. रबाब, सरंदा आणि मोराच्या आकाराचा ताऊस ही वाद्ये मागे पडली, आणि पेटी-तबल्यासह गाणारा तिघांचा रागी जत्था हेच कीर्तनाचे रूढ रूप झाले. अकाल तख्ताने २०२२ मध्ये हरिमंदिरातील कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने काढून तंतुवाद्ये परत आणावीत असे सुचवले, तेव्हा मराठी वाचकाला आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटीवर घातलेली बंदी आठवावी. पेटी हद्दपार करण्याचा आग्रह टोकाचा वाटतो. तरी तोडीतील अतिकोमल गंधार तिच्या ठरावीक पट्ट्यांत सापडत नाही, हेही नाकारता येत नाही.

तोडीचा उल्लेख सहज आलेला नाही. नामदेवांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत आणि ती १८ रागांत विखुरलेली आहेत: गौडी, आसा, गुजरी, सोरठ, धनासरी, तोडी, तिलंग, बिलावल, गौंड, रामकली, माली गौडा, मारू, भैरव, बसंत, सारंग, मल्हार, कानडा आणि प्रभाती. पहाटेच्या प्रभातीपासून पावसाच्या मल्हारापर्यंत मराठी संतकवीची पदे येथे इतक्या रागांच्या निर्देशासह जपली गेली आहेत. महाराष्ट्रातील नामदेवगाथेत अभंग विषयवार लावलेले असतात. त्यांना चाल देण्याचे काम दिंडीने आणि कीर्तनकाराने केले. पंजाबातील नामदेवांना मात्र राग नेमून दिलेले आहेत, आणि त्यांच्या ओठी विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ होऊन येते. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखवते, ते हिंगोली जिल्ह्यात, नांदेडच्या शेजारीच आहे. पंजाबातील घुमान येथे २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नामदेवांच्या उत्तरेतील वाटचालीची पुष्कळ चर्चा झाली. नरसीच्या इतक्या जवळ त्यांची पदे सामावणाऱ्या ग्रंथाला जेथे गुरुपद मिळाले ते तख्त आहे, याची चर्चा त्या मानाने अल्पच. ग्रंथातील त्रिलोचन आणि परमानंद यांनाही परंपरा बार्शीचे मानते, तर पंजप्याऱ्यांपैकी, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांपैकी, भाई साहिबसिंग हे लातूर-उदगीरच्या सीमेला लागलेल्या बिदरचे.

नांदेडशेजारच्या लातूरकरांना तर हे संगीत परके वाटण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात भक्त गात गात फेर धरतात. शब्द, लय आणि देह एकत्र बांधणारा तो प्रकार ज्याने पाहिला आहे, त्याला पडतालात ताल मध्येच का पालटतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हुजूर साहिबची सायंकाळची आरतीही लक्ष देऊन ऐकण्याजोगी आहे. नानकांची आरती आकाशालाच तबक आणि सूर्य-चंद्रांना दिवे कल्पून धनासरी रागात रचलेली आहे, आणि पंजाबातील गुरुद्वारांत ती सहसा दिव्यांवाचूनच गायली जाते. नांदेडला मात्र तबकात दिवे लावून, शंखनादासह ती होते. तत्त्वाच्या दृष्टीने हा विरोध म्हणता येईल, पण गोदाकाठच्या मातीने तो पचवला आहे, आणि ऐकताना तो जाणवतही नाही.

कीर्तनाला तिकीट नाही, निमंत्रण लागत नाही. पादत्राणे बाहेर ठेवावीत, डोक्यावर रुमाल बांधावा, भुईवर बसावे. आणि शबद, म्हणजे ग्रंथातील पद, सुरू होण्यापूर्वी रागी जत्थ्याने रागाचे नाव सांगितले, तर ते टिपून घ्यावे, कारण येत्या भाऊबिजेला नामदेवांच्या त्या अठरा रागांपैकी एखादा कानी पडण्याचा संभव आहे.