अभ्यासिकेतील जुने लॅपटॉप भंगारात का द्यायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ घ्यावे, तर कंपनीची अट अशी की टीपीएम २.० हवे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा वा पुढचा हवा. म्हणजे चांगला चालणारा, कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप एका फर्मानाने 'जुना' ठरला! आपल्या वसतिगृहांत आणि विहारांतील अभ्यासिकांत अशी यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांवर लिनक्स चालेल काय?

चालेल; पण कोणाला, हे पाहिले पाहिजे.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. ते फुकट मिळते, हा त्याचा लहान गुण. त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, हा मोठा गुण. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच नाकारले गेले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. लिनक्स मिंटसारखी आवृत्ती चार जीबी रॅमवर बरी चालते, पेनड्राइव्हवरून आधी पाहताही येते. शिष्यवृत्तीचा अर्ज, ऑनलाइन वर्ग, व्याख्याने ही कामे ब्राउझरमध्येच होतात. इन्स्क्रिप्टने मराठी लिहिता येते.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. आपली पत्रके, जयंतीच्या स्मरणिका, जुने लेख श्रीलिपीसारख्या फॉन्टांत कोंडलेले आहेत. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसतात. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, लिनक्स येवो न येवो, आपले कर्तव्यच आहे. नाही तर चळवळीचा दस्तऐवज एका परवान्याबरोबर मरेल. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने मात्र विंडोज सोडू नये. डिजिटल सहीचे टोकन आणि काही प्रिंटरही त्रास देतात.

'हे हौशी पोरांचे खेळणे' म्हणणाऱ्यांनी न्यायालयात डोकवावे. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांना उबुंटूचे प्रशिक्षण दिले गेले. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणालीही मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे. केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात. उलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने मोठ्या प्रयत्नाने लिनक्स आणले आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. दोष यंत्रणेचा की राजकीय इच्छाशक्तीचा, हा वाद मिटलेला नाही.

तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा बहुधा विंडोजच जाणतो. तेव्हा परीक्षा संपल्यावर एकाच यंत्रावर लिनक्स घालावे, दोन मुलांना ते नीट शिकवावे. एमएस-सीआयटीची तयारी करणाऱ्यांसाठी विंडोजचे एक यंत्र राहू द्यावे. तेथे तेच शिकवले जाते.