जुन्या रेकॉर्डचा दर्जा कसा ठरवावा?

कापडाच्या धंद्यात 'फ्रेश' आणि 'सेकंड' यांतला फरक नवख्या गुमास्त्यालाही कळतो. ताका उलगडून उजेडासमोर धरला की तुटलेला धागा, तेलाचा डाग लगेच दिसतो. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या धंद्यात मात्र आपले पुष्कळ बांधव आजही 'चालू आहे' आणि 'बंद आहे' एवढ्या दोनच प्रतींवर सौदा करतात, आणि त्यात नुकसान सोसतात.

या मालाला आता पुन्हा मागणी आहे. अमेरिकेत 2022 साली व्हिनाइल रेकॉर्डची विक्री नगांच्या हिशेबाने सीडीच्या पुढे गेली. 1987 नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही जुनी चित्रपटगीते, कव्वाली, नात, गझल यांच्या रेकॉर्ड जमवणारे शौकीन मुंबईच्या चोर बाजारात हिंडताना दिसतात. गाणे ऐकण्याविषयी मतभेद असतील. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचा विषय मालाची परीक्षा एवढाच आहे.

प्रथम माल ओळखावा. 78 फेऱ्यांची जुनी जड रेकॉर्ड बहुधा लाखेची असते. हातून पडली की फुटते. 33 फेऱ्यांची एलपी आणि 45 फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड साधारणतः व्हिनाइलची असते. ती फुटत नाही, पण उन्हात ठेवली की वाकते. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर जाणतात की लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून 78 च्या रेकॉर्डला स्पिरिट कधीही लावू नये. तसेच चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी वाजवून दाखवू नये; एका वाजवण्यात तिचे चरे खराब होतात.

आता दर्जा. अमेरिकेतील 'गोल्डमाइन' मासिकाची पद्धत जगभर चालते. तिच्यातील प्रती अशा:

मिंट: सर्वार्थाने कोरी, कधी न वाजलेली. जाणते व्यापारी हा शब्द सहसा वापरतच नाहीत.

निअर मिंट: जवळजवळ कोरी. तबकडीवर वापराची खूण दिसत नाही, कव्हर दुमडलेले वा उसवलेले नाही.

व्हेरी गुड प्लस: जपून वापरलेली. बारीक ओरखडे दिसतात, पण आवाजात येत नाहीत. किंमत निअर मिंटच्या सुमारे 50 टक्के.

व्हेरी गुड: हळू आवाजाच्या जागी खरखर ऐकू येते, ओरखडा नखाला लागतो. किंमत सुमारे 25 टक्के.

गुड: नावाला भुलू नये. अडकल्याशिवाय शेवटपर्यंत वाजते, पण चरे झिजलेले आणि खरखर भरपूर. किंमत 10 ते 15 टक्के.

फेअर आणि पुअर: तडकलेली, फार वाकलेली, सुई अडकणारी. किंमत शून्य ते 5 टक्के.

इंग्लंडमधील 'रेकॉर्ड कलेक्टर' मासिकाच्या पद्धतीत 'एक्सलंट' अशी एक प्रत आहे, ती वरच्या यादीत नाही. म्हणून परगावच्या गिऱ्हाइकाशी बोलताना कोणती पद्धत धरली आहे, हे आधी ठरवून घ्यावे.

तपासताना रेकॉर्ड कडेने धरावी, चऱ्यांना बोट लावू नये. एका दिव्याच्या झोताखाली ती तिरपी करून हळूहळू फिरवावी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात बारीक ओरखडे लपतात. काळी चकाकी जाऊन करडेपणा आला असेल तर चरे झिजले असे समजावे. मधल्या भोकाभोवती लेबलवर खिळ्याच्या पुष्कळ खुणा असतील तर रेकॉर्ड खूप वाजलेली आहे. कव्हरात दुसरीच रेकॉर्ड तर नाही ना, हेही पाहावे. कव्हराची प्रत वेगळी लिहावी. तबकडी उत्तम आणि कव्हर वाळवीने खाल्लेले, असे अनेकदा असते.

आम्ही हे ठोकर खाऊन शिकलो. आमचा भाचा जुना माल विकतो. एका एलपीवर काय लिहावे, असे त्याने विचारले. आम्ही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नजर टाकली आणि म्हणालो, "नवीच आहे, नवी लिही." साडेतीन हजारांना ती पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली आणि आठवड्यात परत आली. दिव्याखाली धरली तेव्हा दोन्ही बाजूंना केसासारखे ओरखडे होते. पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा टपालखर्च आम्ही दिला. गिऱ्हाईक एवढेच म्हणाले, "ओरखडे आहेत असे लिहिले असते तर निम्म्या किमतीत आनंदाने ठेवली असती." ते पुन्हा आले नाहीत. तीस वर्षे ताक्यातला एक तुटका धागा शोधणाऱ्या आमच्या नजरेने तेथे आळस केला, याची आम्हाला आजही शरम वाटते.

धान्याच्या ढिगात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. रेकॉर्डचा ओरखडा म्हणजे तीच ओल. म्हणून प्रत्येक नगासोबत एक चिठ्ठी ठेवावी: तबकडीची प्रत, कव्हराची प्रत, वाजवून पाहिली की केवळ डोळ्यांनी, आणि जो ऐब असेल तो स्पष्ट शब्दांत. दोन प्रतींमध्ये शंका आली तर खालची लिहावी. त्यात चार पैसे कमी मिळतील, पण माल परत येणार नाही आणि गिऱ्हाईक परत येईल. तिजारतीतली बरकत यालाच म्हणतात.