व्यसन आणि उंबरठ्यावरचा सेवक

मनुस्मृतीनें सुरापान हें महापातकांत गणिलें. चरकसंहितेनें मात्र चिकित्सास्थानांत ‘मदात्यय’ नांवाचा स्वतंत्र अध्याय घालून त्यावर उपचार सांगितले. या दोन दृष्टींपैकीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांनीं बहुधा पहिलीच उचलली. घराण्याची अब्रू जाईल या भयानें व्यसन झांकलें जातें, आणि रोगी मात्र आंतल्या आंत झिजत राहतो.

अशा माणसास प्रथम भेटतो तो तज्ज्ञ वैद्य नव्हे. आशा सेविका, परिचारिका, शिक्षक, पोलीस शिपाई यांच्याच दृष्टीस तो आधीं पडतो. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत मद्यापायीं मदतीची गरज असलेल्यांची संख्या ५.७ कोटींहून अधिक सांगितली आहे. इतक्यांस पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणावे कोठून?

गोमंतकांत या प्रश्नाचें एक उत्तर मिळालें. ‘संगाथ’ संस्थेनें वैद्यकाचें शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांस शिकवून तयार केलें, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ३७७ मद्यपी पुरुषांवर प्रयोग केला. कांहींस नेहमींचे उपचार, तर कांहींस त्याखेरीज अधिकांत अधिक चार वेळां समुपदेशन. तीन महिन्यांनीं पहिल्या गटांतील २६ टक्के, तर दुसऱ्यांतील ३६ टक्के लोक धोक्याच्या पिण्यापासून दूर झालेले आढळले. हा वृत्तान्त २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला.

अशा सेवकांनीं काय शिकावें? प्रथम, उपदेश न करतां विचारणें. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे. तिजवरून व्यसनाची खोली अजमावतां येते. दुसरें, संकट ओळखणें. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडल्यास कंप सुटतो, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटकेहि येऊं शकतात. पुढें भ्रम होऊन प्राणावर बेततें. म्हणून देवापुढें शपथ घालून त्यास खोलींत कोंडणें हा उपचार नव्हे. अशा वेळीं डॉक्टरच गांठला पाहिजे. तिसरें, घरच्यांस सावध करणें. दारू सुटावी म्हणून डायसल्फिरॅमसारखें औषध नकळत जेवणांत कालविण्याचा मोह माउलींस होतो. परंतु तें पोटांत असतां मद्य घेतल्यास ओकारी होते, रक्तदाब उतरतो, क्वचित् मृत्यूहि ओढवतो. तें औषध रोग्याच्या संमतीनें व वैद्याच्या देखरेखीखालींच द्यावयाचें असतें.

सेवकांचें शिक्षण सरकारनें व संस्थांनीं करावें. पण त्याचा उपयोग होण्यास घराचें दार उघडें हवें. शासनाची विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. सेविका उंबरठ्याशीं येऊन दोन प्रश्न विचारूं लागली, तर ‘आमच्याकडे तसलें कांहीं नाहीं’ असें म्हणून तिला परत पाठवूं नये. अब्रू माणसासाठीं आहे. माणूस गेल्यावर ती राखून काय उपयोग?