अनद्यतन, परोक्ष आणि फ्रेंच भाषेतील वाङ्मयीन भूतकाळ

संभाषणाचे पाठ संपवून फ्रेंच कादंबरी किंवा इतिहासग्रंथ हाती घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास पहिल्याच पृष्ठावर एक अपरिचित रूप आढळते. 'इल आला' याचा अर्थ 'तो गेला'. ध्वनी ओळखीचा, अर्थ मात्र नेमका उलटा. वर्गात त्याने याच अर्थाने 'इल ए आले' हे रूप शिकलेले असते. पहिले रूप 'पासे सँप्ल', म्हणजे साधा भूतकाळ. दुसरे 'पासे काँपोझे', म्हणजे संयुक्त भूतकाळ. पहिल्यास 'वाङ्मयीन भूतकाळ' असे नाव देऊन पाठ्यपुस्तके बहुधा पुढे जातात. या नावाने ते रूप कोठे भेटते एवढे कळते. ते काय करते हे कळत नाही.

या नावामुळे एक गैरसमजही संभवतो. मराठीतही एक वाङ्मयीन भूतकाळ आहे : 'तो करी', 'ती जाई', 'ते बसत'. व्याकरणात यास रीतिभूतकाळ म्हणतात. बोलताना त्याच्या जागी 'करायचा', 'जायची' अशी रूपे येतात. दोन्ही ग्रांथिक, म्हणून दोन्ही समान, असे अनुमान सहज होते. पण ते चुकीचे आहे. पुण्याजवळील वाघोली येथे ज्यांची समाधी आहे त्या सरदार पिलाजीराव जाधवरावांविषयीची दोन वाक्ये घ्यावीत. 'पिलाजीराव वाघोलीस राहत' यात रीती आहे. फ्रेंचमध्ये येथे 'रेझिदॅ' हे अपूर्ण भूतकाळाचे रूप येईल. 'पिलाजीराव वाघोलीस राहिले' यात समग्र, संपलेली घटना आहे. येथे 'रेझिदा' हा साधा भूतकाळ येईल. म्हणजे मराठीतील वाङ्मयीन रूपाशी अर्थाने जुळणारे फ्रेंच रूप तेथे रोजच्या बोलण्यातले आहे. शिवाय 'करी', 'जाई' ही रूपे मुळात जुन्या वर्तमानकाळाची असून, त्यांना नकार जोडताच ती आजही बोलीत वावरतात. 'गाडी सुरू होईना' हे वाक्य कोणास ग्रांथिक वाटत नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हणही सर्वांच्या तोंडी आहे. तात्पर्य, ग्रांथिकता हा रूपाच्या वापराचा इतिहास होय, त्याचा अर्थ नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. हीच घटना तेथील रहिवासी पत्रातून मित्रास फ्रेंचमध्ये कळवील तेव्हा 'आ एते' हे संयुक्त रूप योजील. शहराचा इतिहास लिहिणारा ग्रंथकार 'फ्यु' हे साधे रूप योजू शकेल. घटना एक, वर्ष एक, मराठी क्रियापदही एकच : 'झाली'. तेव्हा हा भेद काळाच्या अंतराचा नाही हे उघड आहे.

एके काळी मात्र तो तसाच मानला जात असे. आर्नो व लान्स्लो यांच्या १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणात असा नियम आहे की, निदान एक दिवस मागे पडलेल्या घटनेसच साधे रूप लावावे. आजच्या घटनेस संयुक्त. संस्कृतज्ञास येथे पाणिनीचा 'अनद्यतन' आठवल्यावाचून राहणार नाही. आजची नसलेली घटना लङ् लकाराने सांगावी, हा विचार पाणिनीने पुष्कळ आधी मांडला होता. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पोर-रोयालचे कर्ते या साध्या रूपास 'आओरिस्त' म्हणतात, आणि पाश्चात्त्य संस्कृतज्ञ तेच नाव लुङ् लकारास देतात. पण लुङ् अद्यतन भूतासही चालतो. नावाच्या साम्यावरून दोहोंची जोडी लावल्यास नियम उलटा होतो.

पुढे फ्रेंच बोलीत संयुक्त रूपाने दिवसाची मर्यादा ओलांडली व साधे रूप बोलण्यातून मागे पडले. लेखनात ते टिकून राहिले. एमिल बांव्हेनिस्त यांनी १९५९ मध्ये या स्थितीची मांडणी केली. त्यांच्या मते फ्रेंच क्रियापदाच्या दोन योजना आहेत. 'संभाषणा'त कोणी 'मी' कोणा 'तू'शी बोलत असतो; 'इतिहासकथना'त सांगणारा दूर होतो आणि घटना जणू आपोआप घडत जातात. साधा भूतकाळ या दुसऱ्या योजनेचा. पाणिनीच्या 'परोक्ष' या कल्पनेची ही शेजारीण होय, सख्खी बहीण नव्हे. परोक्ष म्हणजे वक्त्याने न पाहिलेले. फ्रेंच कादंबरीतील निवेदक मात्र स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेलेही साध्या भूतकाळात सांगू शकतो. न पाहणे हे तेथील गमक नसून, बोलण्याच्या क्षणाशी संबंध तोडणे हे आहे.

मराठीत ही निवड उरलेली नाही. संस्कृतचे लङ्, लुङ् व लिट् हे तिन्ही लोपले आणि कृदन्तातून आलेला 'गेला' हाच सर्वांचा वारस झाला. फ्रेंच बोलीने संयुक्त रूपाकरवी जे केले, ते मराठीच्या पूर्वजभाषांनी फार पूर्वीच केले होते.

याचे मोल अनुवादकास मोजावे लागते. आल्बेर काम्यू यांची १९४२ ची कादंबरी 'लेत्रांजे' मुख्यतः संयुक्त भूतकाळात लिहिली आहे. प्रत्येक वाक्य सुटे, पुढच्याशी न जोडलेले, हे सार्त्र यांनी १९४३ मध्येच दाखवून दिले. मराठीत दोन्ही काळांस 'गेला', 'आला' हेच येणार. तो धक्का क्रियापदातून पोहोचणार नाही. तो वाक्यरचनेतून पोहोचविता येईल. 'उठून, कपडे घालून बाहेर गेला' या रचनेत 'ऊन'-प्रत्ययान्त रूपे घटनांना एका सूत्रात ओवतात; साध्या भूतकाळातील कथनास ती शोभते. 'तो उठला. त्याने कपडे घातले. तो बाहेर गेला.' ही रचना काम्यूच्या निवेदकास अधिक जवळची आहे.

म्हणून साध्या भूतकाळाचे रूप दिसताच विद्यार्थ्याने 'हे केव्हा घडले?' असे विचारण्याऐवजी 'हे कोण, कोणास सांगत आहे?' असे विचारावे. उत्तरात 'मी' आणि 'तू' समोरासमोर दिसत असतील तर संयुक्त रूपाची अपेक्षा धरावी. ते दोघेही दूर झाले असतील तर 'इल आला' तेथे आपल्या घरीच आहे.